शोफर, किन्नर आणि स्टेपनी

शोफर हा शब्द आपण इंग्रजी समजतो. तो मूळचा फ्रेंच, आणि त्याचा अर्थ गाडी चालवणारा असा नाहीच मुळी! शोफर म्हणजे तापवणारा, भट्टीत कोळसा घालणारा. अगदी सुरुवातीच्या गाड्या वाफेवर चालत, निघण्याआधी बॉयलर तापवावा लागे, ते काम करणारा तो शोफर. म्हणजे आधी गाडीची सेवा, चालवणं मागाहून.

आपल्याकडे ट्रकवर 'किन्नर' असतो. पुराणातल्या किन्नरांशी त्याचा काही संबंध नाही, तो बिचारा 'क्लीनर' आहे. गाडी पुसणारा, टायर ठोकून बघणारा, रेडिएटरात पाणी ओतणारा. ड्रायव्हर होण्याआधी चार-पाच वर्षं किन्नर म्हणून काढायची, ही जुनी गुरुकुल पद्धत. आणि स्टेपनी? वेल्समधल्या लानेली गावात स्टेपनी नावाची गल्ली आहे. तिथल्या एका कारखान्याने १९०४ साली जादा चाक विकायला सुरुवात केली. त्या काळी मोटारींबरोबर जादा चाक मिळतच नसे. इंग्रजांच्या देशात तो शब्द कधीच विसरला गेला, आपल्या तिरोड्याच्या पंक्चरवाल्याकडे मात्र अजून जिवंत आहे. इंजिनात घालायचं तेल आम्ही 'मोबिल' म्हणतो, तेही एका कंपनीच्या तेलाचं नाव. मी जन्मभर मराठी शिकवलं, त्यामुळे शब्दांच्या मागे जायची खोड आहे. हे शब्द गोळा करता करता लक्षात आलं, की हे सगळे गाडी चालवण्याचे नाहीत, गाडी सांभाळण्याचे आहेत. त्याचाच इतिहास आज थोडा लिहावा म्हणतो. भाचे-पुतण्यांपैकी निम्म्यांनी गेल्या दोन-चार वर्षांत नव्या गाड्या घेतल्या आहेत, त्यांनी तरी वाचावं!

मुंबईत मोटारी आल्या त्या १८९८ च्या सुमारास, आणि सुरुवातीच्या मालकांत जमशेटजी टाटा होते. त्यानंतरची पंधरा-वीस वर्षं मोटार सुरू करणं हेच मोठं काम होतं. पुढे हँडल घालून ते गरागरा फिरवायचं. ठिणगी वेळेआधी पडली तर पिस्टन उलटा फिरे आणि हँडल हातावर फाडकन बसे. मनगटाशी अंगठ्याच्या बाजूचं हाड मोडतं त्या मोडीला डॉक्टर लोक आजही 'शोफर्स फ्रॅक्चर' म्हणतात, ते यावरूनच. म्हणून जुने ड्रायव्हर नव्या पोराला पहिला धडा द्यायचे तो हा, की हँडल धरताना अंगठा चार बोटांच्या बाजूलाच ठेवायचा, उलट्या बाजूने मूठ आवळायची नाही. अमेरिकेत चार्ल्स केटरिंग नावाच्या इंजिनिअरने विजेवर चालणारा स्टार्टर काढला आणि १९१२ च्या कॅडिलॅक गाडीला तो लागला. आपण त्याला 'सेल्फ' म्हणतो. तरी आपल्याकडे ट्रक-जीपमध्ये हँडल पुढे कित्येक दशकं राहिलं, कारण बॅटरी उतरली तर रानात दुसरा उपाय काय?

पुढे मुंबईत शिवडीला जनरल मोटर्सने १९२८ साली गाड्या जोडायचा कारखाना काढला. सुटे भाग बोटीने यायचे, इथे जोडणी व्हायची. वालचंद हिराचंदांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाईल्स काढली, तिचा कारखाना कुर्ल्याला. महिंद्रांनी स्वातंत्र्याच्या सुमारास विलीज जीप जोडायला घेतली. १९५३ साली टॅरिफ कमिशनने सांगितलं, की ज्यांना इथे खरोखर गाडी बनवायची आहे त्यांनीच राहावं, नुसती जोडणी करणाऱ्यांनी जावं. जनरल मोटर्स १९५४ मध्ये गेली. उरले मोजके दोन-तीन कारखाने, आणि तीस वर्षं देशाने त्यांच्याच गाड्या वापरल्या. फियाट, अॅम्बेसेडर, जीप. झालं!

युद्धाच्या काळातली एक गोष्ट वडिलांकडून ऐकलेली आहे. पेट्रोलचं रेशनिंग झालं तेव्हा मोटारी चक्क कोळशावर चालत. मागे एक उंच डबा बसवलेला, त्यात लाकडी कोळसा धुमसत ठेवायचा. हवा कमी मिळाली की कोळशातून कार्बन मोनॉक्साइड निघतो, तो थंड करून, गाळून इंजिनात सोडायचा. गाडी निघण्याच्या अर्धा तास आधी किन्नर भट्टी पेटवून पंखा फिरवत बसे. चढावर उतारूंनी उतरून धक्का द्यायचा. संध्याकाळी गाळणी झाडायची नाही तर दुसऱ्या दिवशी गाडी जागची हलायची नाही, कारण काजळीने सगळं चोंदून जाई. वडील म्हणत, मोटारीतून उतरलेला माणूस आणि कोळशाच्या वखारीतून आलेला माणूस ओळखू येत नसे. शोफर पुन्हा खराखुरा शोफर झाला होता म्हणा ना.

आता ज्या काळाबद्दल सगळे उसासे टाकतात, त्या काळाबद्दल. "काका, तुमच्या वेळच्या गाड्या कशा दणकट होत्या, घरच्या घरी दुरुस्त व्हायच्या," असं तरुण मंडळी म्हणतात. मला ते पटत नाही. घरच्या घरी दुरुस्त व्हायच्या, कारण सारख्या बिघडायच्या! गाडीसाठी नंबर लावून वर्षानुवर्षं थांबायचं, आणि आली की पहिल्या महिन्यात दारं नीट लागत नाहीत, पाणी आत येतं, असली रड. ही तक्रार इतकी वाढली, की १९६७ मध्ये सरकारला मोटारींच्या दर्जाची चौकशी करायला समिती नेमावी लागली. किंमतही सरकारच ठरवी. त्यावरून प्रीमियर कंपनी सर्वोच्च न्यायालयात गेली, १९७१ साली निकाल लागला. कंपनी म्हणे किंमत परवडत नाही, गिऱ्हाईक म्हणे माल बरा नाही. दोघांचंही खरं असावं. पण स्पर्धाच नाही म्हटल्यावर गिऱ्हाइकाला करण्यासारखं एकच उरलं होतं, स्वतः मिस्त्री होणं.

आणि मालक मिस्त्री झाले. शाळेतले आमचे एक मुख्याध्यापक होते, त्यांच्याकडे जुनी फियाट होती. रविवारी सकाळी बनियनवर, गाडीचं बॉनेट उघडून बसलेले दिसायचे. त्यांच्या शेजारी उभा राहून मी जे शिकलो ते पुढे मुलांना विज्ञानाच्या तासाला, बदली शिक्षक म्हणून गेलो की सांगत असे.

त्या गाडीत 'पॉइंट' नावाची एक चीज होती. डिस्ट्रिब्युटरच्या टोपणाखाली दोन लहान धातूचे तुकडे, उघडझाप करणारे. ते उघडले की कॉइलमधला प्रवाह तुटतो आणि त्या झटक्याने प्लगला ठिणगी पडते. हीही केटरिंगचीच युक्ती, सेल्फच्याही आधीची. आता जरा हिशेब करा. चार सिलिंडरचं इंजिन, प्रत्येक सिलिंडरला दोन फेऱ्यांत एकदा ठिणगी, म्हणजे एका फेरीत दोन ठिणग्या. मिनिटाला तीन हजार फेरे धरले तर सहा हजार ठिणग्या, सेकंदाला शंभर! एका तासात ते पॉइंट ३ लाख ६० हजार वेळा उघडझाप करणार. झिजणार नाहीत तर काय होईल? त्यांच्यातली फट साधारण ०.४ मिलिमीटर हवी. त्यासाठी पातळ पोलादी पट्ट्यांचं माप मिळतं, पण आमचे मुख्याध्यापक खिशातलं व्हिजिटिंग कार्ड सरकवून बघायचे. अडकत अडकत गेलं तर बरोबर. मग काचकागदाने पॉइंट घासायचे, प्लग काढून तारेच्या ब्रशने साफ करायचे.

प्लगचं टोक बघून इंजिनाची तब्येत सांगता येते, जशी वैद्य जीभ बघून सांगतात. फिकट विटकरी रंग म्हणजे सगळं ठीक. कोरडं काळं काजळ म्हणजे पेट्रोल जास्त जातंय, हवा कमी. ओलं, तेलकट काळं म्हणजे मोबिल वर चढतंय, रिंगा गेल्या. पांढराफटक म्हणजे इंजिन फार तापतंय.

धुराचंही तसंच, आणि ते अजूनही बदललेलं नाही, म्हणून नव्या गाडीवाल्यांनीही ध्यानात ठेवावं. काळा धूर म्हणजे इंधन पुरतं जळत नाही. आधी हवेची जाळी बघायची, ती धुळीने चोंदली असेल. आमच्या मुरमाच्या रस्त्यांवर ती शहरापेक्षा फार लवकर चोंदते. निळा धूर म्हणजे मोबिल जळतंय, हे खर्चाचं काम. पांढऱ्याला घाबरायचं की नाही ते वेळेवर आहे. थंडीत सकाळी पहिली दोन मिनिटं निघाला तर ती नुसती वाफ. पण इंजिन तापल्यावरही निघत राहिला आणि रेडिएटरचं पाणी रोज कमी होत असेल, तर पाणी सिलिंडरमध्ये उतरतंय, हेड गॅस्केट उडालं. मोबिलची पट्टी ओढून बघावी, तेल ताकाच्या रंगाचं झालं असेल तर शंकाच नको. तसली गाडी एक किलोमीटरही पुढे रेटू नये.

उन्हाळ्यातली आमच्या विदर्भाची खास गंमत म्हणजे गाडी भर दुपारी खाकरून बंद पडायची आणि अर्ध्या तासाने आपोआप चालू व्हायची. लोक म्हणायचे, गाडीला ऊन लागलं. खरंच ऊनच लागलेलं असे! पेट्रोलचा पंप इंजिनाच्या अंगाला चिकटलेला, बाहेर पंचेचाळीस अंश, आत त्याहून किती तरी जास्त. पेट्रोलमधला हलका भाग चाळिशीच्या आसपासच उकळायला लागतो. नळीत वाफ भरली की पंप नुसती वाफ दाबत बसतो, पेट्रोल पुढे सरकत नाही. म्हणून प्रत्येक गाडीत एक जुनं फडकं आणि पाण्याची सुरई. फडकं ओलं करून पंपाला गुंडाळायचं. नागपूर ते भंडारा रस्त्यावर मे महिन्यात बॉनेट उघडी टाकून झाडाखाली उभ्या राहिलेल्या गाड्या मी रांगेने पाहिल्या आहेत. आता पंप टाकीतच, पेट्रोलमध्ये बुडालेला असतो आणि दाबाने पुढे ढकलतो, त्यामुळे ही तऱ्हा संपली. फडकं गेलं, सुरई गेली. मला त्याचं मुळीच दुःख नाही.

पण या सगळ्यात मालकाच्या कानाला एक वळण लागलं होतं. पट्टा कुरकुरला, बेअरिंग घरघरलं, टॅपेट टिकटिकलं, की कळायचं. बाजूला बसलेल्या बायकोलाही कळायचं!

एस.टी.ने हेच काम हजारो माणसांकडून शिस्तीने करून घेतलं. पहिली एस.टी. १ जून १९४८ ला अहमदनगर (आता अहिल्यानगर) ते पुणे धावली. विदर्भात आधी मध्य प्रांताची निराळी सरकारी बस सेवा होती, ती १९५६ च्या राज्य पुनर्रचनेनंतर मुंबई राज्याच्या एस.टी.त आली. दापोडी, चिकलठाणा आणि आपल्याकडे नागपूरजवळ हिंगणा इथे एस.टी.चे मोठे मध्यवर्ती कारखाने झाले, डेपोडेपोंत छोटी वर्कशॉप. गाडी डेपोत आली की ड्रायव्हरने दिवसभरात जाणवलेले दोष लिहून द्यायचे, रात्री मेकॅनिकने ते बघायचे. खेड्यातल्या किती तरी पोरांना मोटार मेकॅनिकचं शिक्षण आय.टी.आय.त आणि मग एस.टी.त उमेदवारी करून मिळालं. तिरोडा-गोंदियाकडचे जे नावाजलेले मिस्त्री मी पाहिले त्यांतले बरेच एस.टी.तून तयार होऊन आलेले. एस.टी.ला नावं ठेवणारे पुष्कळ, मीही ठेवतो, पण ही शाळा तिने चालवली हे खरं.

आता एक गोष्ट सांगतो, ती आजवर कुठे लिहिली नव्हती. वर्ष १९७९. तेव्हा गोंदिया जिल्हा झालेला नव्हता, तो १ मे १९९९ ला झाला. आम्ही भंडारा जिल्ह्यात. सरकारी कामासाठी खेड्यापाड्यांत दिसणारी गाडी म्हणजे जीप. १९५२ मध्ये समूह विकास योजना सुरू झाली तेव्हापासून बी.डी.ओ.ची जीप, मग प्राथमिक आरोग्य केंद्रांच्या जीपा, त्यांतल्या पुष्कळशा युनिसेफने दिलेल्या. आमच्या भागातल्या एका केंद्रातही अशी एक जीप होती. केंद्राचं नाव लिहीत नाही.

त्या जीपचा ड्रायव्हर आमच्या ओळखीचा. दोन-तीन आठवडे तो सांगत होता, "गुरुजी, पट्टा कुरकुरतोय, सुरतही झाली आहे त्याची." फॅन बेल्ट. इंजिनाच्या तोंडाशी फिरणारा रबरी पट्टा, जो पंखाही फिरवतो, पाण्याचा पंपही फिरवतो आणि डायनॅमोही. तो कुरकुरला म्हणजे एक तर सैल आहे नाही तर झिजला आहे. कडेला सुतं निघाली म्हणजे दिवस भरले. ड्रायव्हरने ओळखलं होतं. त्याने अर्जही दिला होता. पण पट्ट्यासाठी तीन दुकानांची कोटेशनं हवीत, मग मंजुरी, मग खरेदी. पट्टा किरकोळ किमतीचा. तिरोड्याच्या दुकानात टांगलेला, येता-जाता दिसायचा.

पावसाळ्याचे दिवस. थोरल्या वहिनीचे दिवस भरले होते, मूल आडवं होतं. सुईणीने हात टेकले. केंद्रातले डॉक्टर चांगले होते, म्हणाले, भंडाऱ्याला न्यायलाच हवं. जीप निघाली आणि गावाबाहेर चार किलोमीटरवर पट्टा तुटला. ड्रायव्हर शहाणा माणूस. त्याने सायकलची जुनी ट्यूब कापून तिचं कडं केलं, ते कप्प्यांवरून चढवलं. हा जुना इलाज आहे, कोणी सुतळी वळून करतात, कोणी लुगड्याचा काठ फाडून करतात. दोन-तीन किलोमीटर गाडी गेली. मग ट्यूब उडाली, पाणी उकळलं, इंजिन आवळलं. तिथून पुढे बैलगाडी. मूल गाडीतच झालं आणि गेलं. वहिनी वाचली, पुढे बरीच वर्षं जगली, पण तिला दुसरं मूल झालं नाही.

वहिनी त्याबद्दल कधी बोलली नाही. मला तेव्हापासून दुसऱ्यांच्या गाडीचा पट्टा कुरकुरला तरी सुचत नाही. अनोळखी माणसालाही थांबवून सांगतो. काही जण चिडतात.

रुग्णवाहिकेची १०८ सेवा महाराष्ट्रात २०१४ साली आली. आज आमच्या गावाहून फोन केला तर गाडी येते. पण बिघाड ओळखणारा माणूस एक आणि पट्टा विकत घ्यायचा अधिकार असलेला माणूस दुसरा, हे गणित सरकारी गाड्यांत सुटलं की नाही, ते त्या गाड्यांचे ड्रायव्हर जास्त चांगलं सांगतील.

असो. पुढे जाऊ.

१४ डिसेंबर १९८३ ला मारुती ८०० रस्त्यावर आली आणि सगळं उलटं झालं. तीन सिलिंडर, ७९६ सी.सी., सकाळी किल्ली फिरवली की सुरू! जुन्या मिस्त्र्यांनी नाकं मुरडली, पत्र्याचा डबा म्हणाले. पण डबा चालत राहिला. लोकांना पहिल्यांदाच कळलं, की गाडी रोज सकाळी सुरू होणं ही कृपा नसून गाडीचं कामच आहे. हळूहळू पॉइंट गेले, इलेक्ट्रॉनिक इग्निशन आलं. मग कार्बोरेटर गेला आणि इंजिनात मोजून पेट्रोल फवारणारं यंत्र आलं. १ फेब्रुवारी २००० पासून देशभर शिशाविना पेट्रोल मिळू लागलं. ते शिसं १९२० च्या दशकात अमेरिकेत पेट्रोलमध्ये घालायला सुरुवात झाली होती, इंजिन ठोकू नये म्हणून. इंजिनाची ठोठो थांबली आणि मुलांच्या रक्तात शिसं गेलं. ते थांबवायला जगाला किती दशकं लागली!

फियाटचं नाव १९७४ पासून प्रीमियर पद्मिनी झालं होतं. ती बनणं नव्या शतकाच्या तोंडाशी थांबलं. मुंबईत मात्र काळ्यापिवळ्या पद्मिनी टॅक्स्या पळत राहिल्या, शेवटची ऑक्टोबर २०२३ मध्ये रस्त्यावरून उतरली. टॅक्सीला वीस वर्षांची मर्यादा आहे. अॅम्बेसेडरचा कारखाना त्याआधीच, मे २०१४ मध्ये बंद पडला. आमच्या विदर्भात 'काळीपिवळी' म्हणजे मात्र टॅक्सी नव्हे बरं का. ती बारा-पंधरा माणसं कोंबून, मागे चार जण लटकवून गावोगाव फिरणारी जीप किंवा ट्रॅक्स. तिच्या ब्रेकवर मी कितीदा देव आठवला आहे!

ब्रेकचं निघालंच आहे तर एवढं सांगतो. पॅडल दाबल्यावर ते मऊ लागलं, दोन-तीनदा हापसावं लागलं, तर ब्रेक ऑइलच्या नळीत हवा शिरली आहे किंवा तेल कमी आहे. हे तेल हवेतलं पाणी शोषून घेतं, आणि पाणी शिरलेलं तेल लांब उतारावर तापलं की उकळतं. वाफ दबते, ब्रेक लागत नाही. म्हणून ते दोनेक वर्षांनी बदलायचं असतं. इंजिन ऑइल बदलायचं सगळ्यांना माहीत असतं, ब्रेक ऑइल कुणी विचारत नाही. गाडी एका बाजूला ओढत असेल तर आधी टायरची हवा बघा, ती सारखी असूनही ओढत असेल तर मिस्त्रीकडे. आणि टायरची नक्षी १.६ मिलिमीटरच्या खाली गेली की तो टायर कायद्यानेही बाद.

आता नव्या गाड्यांबद्दल. परवा पुतण्याच्या गाडीने मिसिंग सुरू केलं, म्हणजे इंजिन अडखळत होतं आणि समोर पिवळा दिवा लागला. त्या दिव्याच्या मागे एक पद्धत आहे. अमेरिकेत १९९६ पासून प्रत्येक नव्या मोटारीला ती सक्तीची झाली, आपल्याकडे २०१० नंतर टप्प्याटप्प्याने आली. स्टिअरिंगच्या खाली एक सॉकेट असतं, त्याला यंत्र जोडलं की गाडी स्वतःच दोषाचा आकडा सांगते. तिरोड्याच्या मिस्त्रीकडे आता ते यंत्र आहे. त्याने जोडलं, आकडा आला पी ०३०२. म्हणजे दोन नंबरचं सिलिंडर ठिणगी चुकवतंय. मला वाटलं, झालं काम. पण तो म्हणाला, "गुरुजी, हे कुठं दुखतं ते सांगते, कावून दुखतं ते नाही सांगत." प्लग असेल, कॉइल असेल, फवारा असेल. मग त्याने दोन नंबरची कॉइल काढून तीन नंबरवर बसवली, तीनची दोनवर. पुन्हा चालवली. आता आकडा आला पी ०३०३. दोष कॉइलबरोबर सरकला, म्हणजे कॉइलच गेली! पूर्वीचे मिस्त्री प्लगच्या तारा एकेक करून काढायचे आणि कोणती काढल्यावर आवाजात फरक पडत नाही ते ऐकायचे. तीच बुद्धी. मला फार बरं वाटलं, तिथेच दोघांनी चहा घेतला.

पिवळा दिवा लागला तर घरापर्यंत सावकाश जाता येतं. पण तो लुकलुकत असेल तर फार रेटू नये, न जळलेलं पेट्रोल सायलेन्सरकडच्या महागड्या भागात जाऊन तो जाळतं. लाल दिवा, ऑइलचा किंवा तापमानाचा, लागला तर जिथे आहात तिथेच थांबा. आणि तापलेल्या रेडिएटरचं झाकण उघडू नका, उकळतं पाणी तोंडावर येतं. आमच्या एका सहकाऱ्याच्या गालावर तो डाग जन्मभर राहिला.

१ एप्रिल २०२० पासून बी.एस. सहा आलं. डिझेलच्या नव्या गाड्यांत काजळी अडवणारी जाळी असते, ती लांब पल्ल्यावर गाडी नीट तापली की आपोआप जळून साफ होते. रोज शाळेपर्यंत दोन किलोमीटर जाऊन यायला डिझेल गाडी घेतली तर ती जाळी चोंदणारच. हे दुकानदार सांगत नाही. पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल घालायचं उद्दिष्ट सरकारने २०३० वरून अलीकडे, २०२५ वर आणलं आणि ते गाठलंही. इथेनॉल तांदळापासूनही होतं, आणि आम्ही तर धानाच्या मुलखातली माणसं! तेव्हा तक्रार कोणत्या तोंडाने करू? पण जुन्या गाड्यांच्या रबरी नळ्या त्यासाठी केलेल्या नव्हत्या, आणि इथेनॉल पाणी ओढतं. ज्यांच्या गाड्या दहा-पंधरा वर्षांच्या आहेत त्यांनी पेट्रोलच्या नळ्या एकदा बघून घ्याव्यात. पेट्रोलचा वास येत असेल तर दुसऱ्या दिवसावर ढकलू नका. विजेच्या गाडीबद्दल मला सांगण्यासारखं फार नाही. मोबिल नाही, प्लग नाही, पण टायर, ब्रेक आणि चाकांची बेअरिंगं तिलाही आहेतच.

उंदरांचं मात्र सांगायला हवं. धान घरात आलं की उंदीर येतात, आणि रात्री त्यांना ऊब हवी असते ती नुकत्या थांबलेल्या इंजिनाची. वायरी कुरतडतात. जुन्या फियाटमध्ये सात-आठ वायरी, कोणतीही जोडून टाकता यायची. आता अख्खा जुडगाच बदला म्हणतात आणि बिल पाहून माणूस खाली बसतो. कोठाराशेजारी गाडी लावू नका.

तर मंडळी, दिवाळीत बोदलकसाला येणार असं यंदा बऱ्याच जणांनी कळवलं आहे. तलाव तोवर भरलेला असेल, पाणपक्षीही यायला लागलेले असतील. नागझिऱ्याकडून जंगलातून येणाऱ्यांना वाटेत कुठे कुठे मोबाईलला रेंज मिळत नाही, आणि संध्याकाळनंतर त्या रस्त्याला माणूस भेटेलच असं नाही. २०२० साली सरकारने नियम बदलला, टायरमधली हवा दाखवणारी यंत्रणा आणि पंक्चरचं सामान असलं तर स्टेपनी नसली तरी चालते. त्यामुळे काही नव्या गाड्यांत ती नसतेच. आपल्या गाडीत आहे की नाही ते डिक्की उघडून आधी बघा. असेल तर तिच्यात हवा भरून आणा, जॅक आणि पाना आत आहेत ना तेही बघा. पट्टा कुरकुरत असेल तर तिकडेच बदलून निघा.